कॉमनची वही

मंगल माने यांनी आमच्या दैनिकाच्या सांगली कार्यालयातली नोकरी चार वर्षांपूर्वी, गणेशविसर्जनानंतरच्या सोमवारी सोडली. राजीनामा दोन ओळींचा होता आणि हातानं लिहिलेला होता. कारण ‘घरगुती’ असं दिलं होतं. खरं कारण कार्यालयात दोघांनाच ठाऊक होतं. एक त्या, दुसरा मी.

मंगलताई पानं लावणाऱ्या विभागाच्या प्रमुख होत्या. बातमी लिहून, तपासून झाली की त्यांच्या विभागात जायची आणि तिथं संगणकावर पानात बसवली जायची. विभागात सहा संगणक, अकरा माणसं आणि दोन पाळ्या होत्या. पान लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये अक्षरांचा आकार, ओळींमधलं अंतर, स्तंभाची रुंदी, फोटोची चौकट हे सगळं आधीच ठरवून ठेवता यायचं. त्यातलं काही ज्याचं त्याला वेगळं ठेवता येई, काही मात्र सगळ्यांना मिळून एकच असे. जे एकच होतं त्याला कार्यालयात ‘कॉमन’ म्हणत. कॉमनमध्ये एका जागी बदल केला की सहाही संगणकांवर तो बदल होई. बदलायच्या आधी पडद्यावर एक चौकट उघडायची आणि तिच्यात इंग्रजीत दोन पर्याय असायचे. मंगलताईंनी त्यांचं मराठी करून प्रत्येक स्क्रीनच्या कडेला कागदाची पट्टी चिकटवली होती: ‘वरचं – माझ्यापुरतं. खालचं – समद्यांसाठी.’

कॉमनचा पासवर्ड फक्त त्यांच्याकडे होता. हे त्यांना कुणी नेमून दिलेलं नव्हतं. त्या कामाला लागल्या तेव्हा पासवर्ड सगळ्यांना ठाऊक होता, आणि सकाळी येणाऱ्याला रात्रीच्या माणसानं काय बदलून ठेवलंय हे पान बिघडल्यावरच कळायचं. एकदा माप सेंटिमीटरऐवजी इंचात राहिलं आणि सराफाची जाहिरात पानभर झाली. दुसऱ्या दिवशी मंगलताईंनी पासवर्ड बदलला, बाजारातून लाल कापडी बांधणीची एक लांब वही आणली आणि तिच्यात रेघा मारल्या. कधी बदललं, काय बदललं, कुणी मागितलं, कुणासाठी, आणि शेवटचा रकाना: ‘परत केलं का’. हीच कॉमनची वही. तिच्यात नोंद झाल्याशिवाय कॉमनला हात लागत नसे.

त्यांचं घर माधवनगरला होतं. वडील तिथल्या कापडगिरणीत विणकर होते. गिरणीत एक माग दोन पाळ्यांत दोन विणकर चालवत. पाळी संपवून उठणाऱ्यानं माग जसा घेतला तसा सोडायचा, असा रिवाज होता. स्वतःच्या हाताच्या सोयीनं वाढवलेला सुतांचा ताण सैल करून जायचा. गिरणी बंद पडून वर्षं झाली होती, वडीलही राहिले नव्हते. मंगलताई हा रिवाज कधी कुणाला उपदेश म्हणून सांगत नसत. कुणी चिडून विचारलंच तर म्हणत, “आमचा आप्पा पगाराच्या दिवशीबी माग पुसून यायचा. तुमचा तर नुसता माऊस हाय.”

त्या पन्नाशीच्या होत्या. ठेंगण्या, बोलायला मोकळ्या. चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. लग्न केलेलं नव्हतं. नव्यानं आलेल्या एका ऑपरेटर मुलीनं एकदा जेवताना त्याबद्दल विचारलं.

“आलं हुतं की चार-पाच जण बघायला,” मंगलताई म्हणाल्या.

“मग?”

“समदे आपल्यापुरतं बघून गेले.”

त्यांची दृष्टी अधू होती. पान दिसायला त्यांना पडद्यावरचं सगळं जवळजवळ दुप्पट करावं लागे. त्यांचा असा ठरलेला संगणक नव्हता. जो मोकळा असेल त्यावर त्या बसत. बसल्या की अक्षरं मोठी करत, उठताना पुन्हा लहान करत. दिवसातून पंधरा-वीस वेळा तरी हे होई. शेजारच्यानं ‘अहो, तेवढं राहू द्या की तसंच’ म्हटलं तर म्हणत, “माझं डोळं म्हातारं झालं, तुमचं कशाला करू?”

क्रीडा पान बघणारा अल्ताफ डावखुरा होता. तो माऊसची बटणं उलटी करून घेई आणि तशीच ठेवून जाई. सकाळच्या पाळीतल्या जोशींना हे कळायला रोज दहा मिनिटं लागत आणि मग ते अल्ताफच्या नावानं ओरडत. भांडण संपादकांपर्यंत जाणार होतं. मंगलताईंनी अल्ताफला वेगळं नाव उघडून दिलं, म्हणजे त्यानं त्या नावानं संगणक सुरू केला की बटणं आपोआप उलटी व्हायची आणि बंद केला की पूर्ववत.

“नाव काय घालू रं?” त्यांनी विचारलं.

“अल्ताफच घाला की मावशी.”

“जोशीबुवांची शांती, असं घालते.”

ते नाव शेवटपर्यंत तसंच होतं. अल्ताफ रोज ‘जोशीबुवांची शांती’ या नावानं कामाला बसायचा.

‘माझ्यापुरतं की समद्यांसाठी’ हा प्रश्न त्या संगणकाबाहेरही विचारत. संपादकांना मधुमेह निघाला त्या आठवड्यात त्यांनी कार्यालयात येणारा सगळा चहाच बिनसाखरेचा करायला सांगितलं. तीन दिवस कुणी बोललं नाही. चौथ्या दिवशी मंगलताई कप घेऊन त्यांच्या खोलीत गेल्या.

“साहेब, शुगर तुमची हाय. चा समद्यांचा हाय.”

संपादकांनी कप घेऊन बाजूला ठेवला. “मंगलबाई, तुमच्या वहीत लिहा,” ते म्हणाले. मंगलताईंनी खरंच लिहिलं. ‘चहा. साखर. संपादकांपुरती बंद.’ ती नोंद मी पाहिली आहे.

महापुराच्या वर्षी कृष्णेचं पाणी कार्यालयाच्या तळमजल्यावर शिरलं. निघायला तासाभराचा वेळ होता. माणसं मॉनिटर उचलून जिना चढत होती. मंगलताईंनी कॉमनची सगळी फाइल पेनड्राइव्हवर घेतली, तो प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून जेवणाच्या डब्यात ठेवला, डब्याला रबर लावला आणि गुडघाभर पाण्यातून चालत मुख्य रस्त्यापर्यंत गेल्या. वहीही त्यांनीच नेली, डोक्यावर धरून. मिरजेत एका छापखान्यानं दोन संगणक उसने दिले. त्यावर त्यांनी फाइल चढवली आणि त्या दिवशीचा अंक नेहमीच्याच अक्षरात, नेहमीच्याच मापात निघाला. मी म्हणालो की वाचकांना यातलं काही कळणारही नाही. त्या म्हणाल्या, “न्हाई कळलं म्हंजे झालं.”

मी तेव्हा उपसंपादक होतो. मूळचा साताऱ्याचा, म्हणून त्या मला नावानं न बोलावता ‘सातारकर’ म्हणत. खटाव आणि माण तालुक्यांचं चौथं पान माझ्याकडे होतं. त्या पानावर फोटो पुष्कळ असत: वाढदिवस, सत्कार, निधन, पुण्यस्मरण. हे फोटो पानात बसवले तरी मूळ फोटो सर्व्हरवरच्या एका फोल्डरमध्ये राहत. फोल्डरमधला फोटो कुणी बदलला, तर पान पुढच्या वेळी उघडताना सॉफ्टवेअर विचारत असे की नवा फोटो घ्यायचा की जुनाच ठेवायचा. कुणी फोटो थोडा उजळ केला तरी हा प्रश्न यायचा. सात फोटो असतील तर सात वेळा यायचा. हे विचारणं कॉमनमधून बंद करता येत होतं. बंद केलं की सॉफ्टवेअर न विचारता नवा फोटो घेत असे.

मी मंगलताईंना ते बंद करायला तीनदा सांगितलं.

“इचारल्यानं काय अंगाला भोकं पडत्यात व्हय?” त्या पहिल्यांदा म्हणाल्या.

दुसऱ्यांदा मी म्हणालो की यात रोजचा अर्धा तास जातो.

“पानावर माणसांची तोंडं हायत, सातारकर. तोंड बदलायच्या आधी इचारलंच पायजे.”

तिसऱ्यांदा त्यांनी नुसती नकारार्थी मान हलवली.

त्या वर्षी नागपंचमीला मंगलताई रजेवर शिरवळला बहिणीकडे गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी छापखान्यातून निरोप आला की कागदाचं रीळ बदललं आहे आणि पानाची रुंदी थोडी कमी करावी लागेल. ते काम कॉमनमधलं होतं. मी त्यांना फोन केला. छापखान्याचा निरोप त्यांनी मला दोनदा सांगायला लावला. मग त्यांनी पासवर्ड सांगितला.

“रुंदी तेवढी बदल. वहीत लिही. आन् बाहेर ये.”

मी रुंदी बदलली. वहीत नोंद केली, माझ्या अक्षरात, तारखेसह. पण कॉमन बंद करण्यापूर्वी मी फोटोंबद्दल विचारण्याच्या सोयीपुढची बरोबरची खूणही काढून टाकली. नेहमीची चौकट उघडली. मी ‘माझ्यापुरतं’ निवडू शकत होतो. तसं केलं नाही, कारण मीही रोज वेगळ्या संगणकावर बसत होतो आणि मला ते सहाही ठिकाणी बंद हवं होतं. मी खालचा पर्याय निवडला. चुकून नव्हे. वहीत त्याची नोंद केली नाही. ते विसरलो म्हणूनही नव्हे.

पुढच्या आठवड्यात चौथं पान पटापट उघडायला लागलं. मंगलताई रजेवरून परतल्या. त्या दुसऱ्या पानांवर बसत, तिथले फोटो एकदा बसले की सहसा बदलत नसत, त्यामुळे त्यांना फरक दिसला नाही. मी सांगितलं नाही.

त्यानंतरच्या बुधवारी आमच्या चौथ्या पानावर एका वृद्धाच्या प्रथम पुण्यस्मरणाची जाहिरात छापून आली. वडूजपासून थोड्या अंतरावरच्या एका गावातलं ते कुटुंब होतं. गावाचं नाव इथं देत नाही. मजकूर बरोबर होता, नाव बरोबर होतं. हाराच्या चौकटीत फोटो मात्र त्याच गावच्या, त्याच आडनावाच्या एका हवालदाराचा होता. तो गणवेशात होता. तो जिवंत होता आणि सीमेवर नेमणुकीला होता.

झालं ते असं. कार्यालयात फोटोच्या फाइलला आडनाव आणि गाव असं नाव देण्याची पद्धत होती. वृद्धाचा फोटो दुपारी पानात बसला. संध्याकाळी आमच्या वडूजच्या वार्ताहरानं हवालदाराच्या बढतीची बातमी पाठवली. ती दुसऱ्या दिवशी घ्यायची होती. तिच्यासोबतचा फोटो त्याच नावानं त्याच फोल्डरमध्ये ठेवला गेला आणि वृद्धाचा फोटो त्याखाली पुसला गेला. छपाईला पाठवण्यापूर्वी पान शेवटचं उघडलं, तेव्हा सॉफ्टवेअरनं कुणाला काही विचारलं नाही. फोटो बदलून घेतला.

त्या गावातून घरटी एक तरी माणूस सैन्यात आहे. सकाळी सातच्या सुमाराला अंक गावात पोचला. दुकानावरच्या माणसांनी आधी फोटो पाहिला. नाव दुसऱ्याचं आहे हे काहींच्या लक्षात आलं, पण, नंतर त्यांच्यातल्याच एकानं मला सांगितलं त्याप्रमाणे, ‘नाव चुकलं असंल, फटू कसा चुकंल’ असं सगळ्यांना वाटलं. हवालदाराचा फोन लागत नव्हता. तो ज्या चौकीवर होता तिथं फोन एरवीही लागत नसे. नऊच्या आत घरात बायका जमल्या. भावकीतल्या एका म्हाताऱ्या बाईनं हवालदाराच्या पत्नीच्या हातातल्या बांगड्या फोडल्या. दुपारी एक वाजून वीस मिनिटांनी पलटणीकडून फोन आला आणि हवालदार स्वतः आईशी बोलला.

त्याच दुपारी तीन वाजता संपादकांच्या खोलीत बैठक झाली. संपादक, मंगलताई, पान छपाईला पाठवणारा ऑपरेटर आणि मी. मंगलताईंनी तिथंच संगणकावर कॉमन उघडलं. विचारण्याची खूण निघालेली होती. बदल कधी झाला ती तारीख बाजूला दिसत होती. त्यांनी चष्मा लावला, अक्षरं मोठी केली आणि तारीख वाचली. मोठ्यानं वाचली नाही. मग अक्षरं लहान केली. मी त्यांच्या मागं उभा होतो.

“हे कुणाच्या पासवर्डनं झालं?” संपादकांनी विचारलं.

“माझ्या.”

“तुम्ही केलंत?”

“न्हाई.”

“मग कुणी? वहीत आहे का?”

“वहीत न्हाई.”

संपादक माझ्याकडे वळले. चौथं पान माझं होतं. “तुला काही माहिती आहे?”

मी म्हणालो, “नाही.”

मंगलताईंनी वळून पाहिलं नाही. वही त्यांच्या मांडीवर मिटलेली होती. ती उघडली असती तर त्या तारखेसमोर माझं अक्षर दिसलं असतं. त्या म्हणाल्या, “चावी माझ्याकडं हुती साहेब. म्हंजे जबाबदारी माझी.”

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या गावी गेलो. संपादक, मंगलताई आणि मी. खुलासा आणि दिलगिरी पहिल्या पानावर छापलेला अंक मी हातात धरला होता. त्यात ‘तांत्रिक चुकीमुळे’ असा शब्दप्रयोग होता. तो मीच लिहिला होता.

घराबाहेर पंधरा-वीस माणसं बसलेली होती. संपादक दोन वाक्यं बोलले. मग एका माणसानं विचारलं, “ह्यो फटू लावला कुनी, त्येचं नाव सांगा.”

“पान माझ्याकडं असतंय,” मंगलताई म्हणाल्या. “चूक माझी हाय. दुसऱ्या कुणाची न्हाई.”

तो माणूस माझ्याकडे वळला. “आन् तुमी वो?”

“मी यांच्याबरोबर आलोय,” मी म्हणालो.

हवालदाराची आई सोप्यात भिंतीला टेकून बसलेली होती. मंगलताई तिच्यापुढं जमिनीवर बसल्या.

“बाई, तुला ल्योक हाय का?” तिनं विचारलं.

“न्हाई, आक्का.”

“मग तुला काय सांगू मी?”

हवालदाराची पत्नी पाण्याचा तांब्या घेऊन आली. तिचे दोन्ही हात मोकळे होते. डाव्या मनगटावर काचेचा ओरखडा होता. मंगलताईंनी तो पाहिला.

“कासाराला बोलवून घे गं बाळ. आजच भर.”

“न्हाई भरायच्या,” ती म्हणाली. “त्ये सुट्टीला येतील, समोर हुबं ऱ्हातील, तवा भरीन. आता मला कुनाच्या सांगन्याचा भरवसा न्हाई.”

मी दारात उभा होतो. तिनं मलाही पाणी दिलं. मी ते प्यालो.

परतताना गाडीत संपादक फोनवर बोलत होते. मंगलताई खिडकीबाहेर पाहत होत्या. माळावर बाजरी उभी होती. पुसेसावळी मागं गेल्यावर त्या एकदाच बोलल्या, संपादकांशीही नाही आणि माझ्याशीही नाही. “चार तास ती बाई रांडमुंड हुती.”

आठवड्याभरानं मुख्य कार्यालयातून पत्र आलं. मंगलताईंना विभागप्रमुखपदावरून काढून जाहिरातींची मुद्रितं तपासण्याच्या कामावर नेमलं होतं. कॉमनचा पासवर्ड आणि वही माझ्या ताब्यात द्यावी, असं त्याच पत्रात होतं. संपादकांनी माझं नाव सुचवलं होतं. बैठकीत मी शांत राहिलो, त्याची त्यांच्यावर चांगली छाप पडली होती.

मंगलताईंनी वही माझ्या टेबलावर आणून ठेवली. आजूबाजूला सगळे होते. अल्ताफ मान खाली घालून काम करत होता. त्यांनी वहीची मागची पानं चाळली, माझ्या नोंदीवर बोट ठेवलं.

“हितं खाली एक वळ मोकळी सोडली हाय मी,” त्या म्हणाल्या. “बाकी वही पुरी हाय.”

नागपंचमीनंतरच्या त्या नोंदीखाली खरंच एक रिकामी ओळ होती. तिच्याखालून पुढच्या तारखेच्या नोंदी सुरू होत होत्या. म्हणजे रजेवरून आल्या दिवशीच त्यांनी ती सोडली होती. माझं काही राहिलं असेल तर मी लिहीन, एवढ्यासाठी. त्या वेळी त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. मी ती ओळ भरली नाही.

जाहिरातींच्या टेबलावर त्यांनी गणपतीचे दिवस काढले. त्या दिवसांत पुरवणीचं काम असतं, माणूस कमी पडू नये म्हणून थांबले, असं त्यांनी ऑपरेटर मुलीला सांगितलं. विसर्जनानंतरच्या सोमवारी राजीनामा दिला. निरोपाला चहा होता. संपादक दोन शब्द बोलले. मंगलताईंना बोलायला सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, “समदी चांगली माणसं हायत. अल्ताफनं तेवढं जोशीबुवांना सांबाळावं.” लोक हसले. मीही हसलो.

त्या माधवनगरचं घर भाड्यानं देऊन शिरवळला बहिणीकडे राहायला गेल्याचं नंतर कळलं. माझी बदली साताऱ्याला झाली, बढतीवर. त्यांना फोन करावा असं अनेकदा मनात आलं. केला नाही.

गेल्या वर्षी शिरवळच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या रस्त्याच्या बातमीसाठी मी तिथं गेलो होतो. पुठ्ठ्याची खोकी तयार करणाऱ्या एका कारखान्याच्या व्यवस्थापकानं मला आतलं कार्यालय दाखवलं. खोक्यांवर चिकटवायच्या लेबलांची छपाई तिथं संगणकावर होत होती. चार संगणक होते. कोपऱ्यातल्या संगणकावर मंगलताई बसल्या होत्या. केस पुष्कळ पांढरे झाले होते. पडद्यावरची अक्षरं तशीच दुप्पट होती.

“सातारकर,” त्या म्हणाल्या. “जाड झालास की रं.”

सुट्टी व्हायला वीस मिनिटं होती. आम्ही फाटकाजवळच्या लिंबाखाली उभे राहिलो. त्यांनी माझ्या आईची चौकशी केली. अल्ताफची केली. जोशी वारल्याचं त्यांना ठाऊक नव्हतं. ते ऐकून त्यांनी चष्मा उतरवून गळ्यात सोडला. मग मी सांगितलं.

“मंगलताई, ते कॉमनमधलं मी बदललं होतं.”

“ठाऊक हाय.”

“तुम्ही तारीख वाचलीत तेव्हाच...”

“तारीख कशाला? तीनदा तूच मागितलं हुतंस.”

“मग तुम्ही बोलला का नाहीत?”

“पासवर्ड मी दिला रं. फोनवर. नियम माझाच, मोडलाबी मीच. ती माझी चूक, तेवढी मी घेतली.” त्यांनी चष्मा पदरानं पुसला. “उरलेली तुझी हुती. मी वाट बघितली. बैठकीत बघितली, गावात बघितली, वही देताना बघितली. गणपतीभर बघितली. मग म्हटलं, चला.”

मी म्हणालो की मला त्यांची माफी मागायची आहे.

“मला सांगून काय उपेग? मला तर पहिल्यापास्नं ठाऊक हाय.” त्यांचा आवाज चढला नव्हता. “ज्यांला ठाऊक न्हाई त्यांला सांग. साहेब हायत अजून?”

“निवृत्त झाले. पुण्यात असतात.”

“त्यांला पत्र लिही. आन् त्या पोरीला जाऊन सांग. तिच्या दारात मी म्हटलं, चूक माझी, दुसऱ्या कुणाची न्हाई. माझ्या तोंडून खोटं गेलं तिथं. ते मला सलतंय. बाकी मला कायबी न्हाई.”

“ती काय म्हणेल?”

“म्हणंल ते म्हणंल. तुझ्या सोयीनं म्हणंल व्हय?”

कारखान्याचा भोंगा झाला. बायका फाटकातून बाहेर यायला लागल्या. एकीनं हाक मारली, “मावशी, जागा धरलीया, चला!” मंगलताईंनी पिशवी खांद्याला लावली आणि बसच्या दिशेनं निघाल्या. चार पावलांवर थांबून त्यांनी विचारलं, “जाशील न्हवं?”

मी हो म्हणालो.

बस पावणेसहाला सुटली. मंगलताई डाव्या बाजूच्या तिसऱ्या खिडकीत होत्या आणि शेजारच्या बाईशी बोलत होत्या. बस महामार्गाला लागेपर्यंत त्यांनी मागं वळून पाहिलं नाही.

संपादकांना मी त्याच आठवड्यात पत्र लिहिलं. ते त्यांना पोचलं. उत्तर आलेलं नाही. गावाला जायला वडूजला बस बदलावी लागते. मी वडूजपर्यंत दोनदा गेलो आहे. दोन्ही वेळा गावाची बस फलाटाला लागली, भरली आणि वेळेवर सुटली. दोन्ही वेळा मी स्थानकातल्या बाकावर बसलेलो होतो.